तडा आधी जातो, रेल नंतर तुटते

स्नोमोबाइलच्या शर्यतीचा कुठलाही फोटो घ्या. यंत्र हवेत, पुढच्या दोन्ही स्की आभाळाकडे, मागे बर्फाचा फवारा. बघणाऱ्याची नजर स्वारावर आणि स्कींवर खिळते. दोनशे किलोंच्या पुढचं ते धूड खाली येतं तेव्हा पहिला दणका बसतो तो मात्र मागच्या बाजूला, रबरी पट्ट्याच्या आत दडलेल्या सस्पेन्शनला. मिनेसोटातल्या डुलूथला, स्पिरिट माउंटनच्या उतारावर, वर्षानुवर्षं स्नोक्रॉसच्या, म्हणजे उड्या-खाचखळग्यांच्या शर्यतींच्या, हंगामाची सुरुवात होत आली. अशा शर्यतीच्या दिवशी प्रेक्षकांच्या कठड्यापेक्षा पिटमध्ये, जिथे संघ यंत्रं दुरुस्त करतात तिथे, फेरफटका मारावा. दोन फेऱ्यांच्या मधे जमिनीवर काय उघडून पडलंय, यावरून हा खेळ यंत्राच्या कुठल्या भागाला सर्वांत महाग पडतो ते लगेच कळतं.

प्रस्तुत लेखक पुण्याहून मिशिगनमधल्या होटनला यांत्रिकी शिकायला गेला. लेक सुपीरिअरच्या जवळचं हे गाव. हिवाळाभरात इथे सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. इथल्या मिशिगन टेक विद्यापीठात मराठी मुलांची नवलाई कुणाला नाही, आणि विद्यार्थ्यांनी सुधारलेल्या स्नोमोबाइलची ‘क्लीन स्नोमोबाइल चॅलेंज’ ही स्पर्धाही २००३ पासून इथेच भरत आली. त्या वातावरणात राहून एखाद्या लहानशा शर्यत-संघाच्या गॅरेजात शनिवार-रविवारी पाना धरायला जाणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. पुढे जे लिहिलंय ते त्या गॅरेजात हाताला लागलेलं ज्ञान आहे. ते एका तुटलेल्या रेलपासून सुरू होतं.

पण आधी ही रेल म्हणजे काय ते पाहू.

सुरुवातीच्या स्नोमोबाइलमध्ये पट्टा लहान चाकांच्या जोड्यांवर फिरे. साठच्या दशकात आर्क्टिक कॅटने सरकत्या रेलचं सस्पेन्शन आणलं आणि हळूहळू सगळ्यांनी तीच वाट धरली. ॲल्युमिनियमच्या दोन लांब समांतर रेल. त्यांच्या तळाला टणक प्लास्टिकची पट्टी, जिला सगळे हायफॅक्स म्हणतात. पट्टा या पट्टीवरून घसरत फिरतो. रेल आणि पट्ट्याला वरून झाकणारा ॲल्युमिनियमचा टनेल यांना जोडणारे दोन हात असतात, फ्रंट आर्म आणि रिअर आर्म. प्रत्येकाला आपापला शॉक. मागच्या बाजूला टॉर्शन स्प्रिंग किंवा कॉइल स्प्रिंग. फ्रंट आर्म किती खाली उघडावा हे एक कापडी पट्टा ठरवतो, तो लिमिटर स्ट्रॅप. बाकी बुश, बेअरिंग, लहान चाकं आणि मूठभर बोल्ट. एवढ्याशा सामानावर सगळी भिस्त.

आता थोडं गणित. यंत्र आणि स्वार मिळून तीनशे किलो धरा. तीन मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडलं तर टेकताना खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर, म्हणजे तासाला २७-२८ किलोमीटर. सस्पेन्शनची चाल ३५ सेंटिमीटर धरली, तर तेवढ्या अंतरात हे सगळं थांबवायला सरासरी वजनाच्या साडेनऊपट जोर लागतो. उतारावर नीट उतरलं तर हा आकडा बराच खाली येतो, म्हणून तर उड्यांच्या पलीकडे उतार बांधलेला असतो. पण दरवेळी उतार सापडतोच असं नाही. एखादा उडी कमी पडून टेकाडाच्या माथ्यावर आदळतो, एखादा उतार ओलांडून थेट सपाटीवर.

मोठी उडी लक्षात राहते, पण खरं नुकसान खाचखळगे करतात. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या यंत्राला दर दोन मीटरला उंचवटा लागला, तर सेकंदाला आठ दणके बसतात. दहा मिनिटांच्या शर्यतीत पाच हजार. सराव, पात्रता फेऱ्या आणि अंतिम फेरी धरून एका आठवड्याच्या शेवटाला हे दणके किती होतात याचा हिशेब वाचकानेच करावा.

संघाने हंगामाच्या सुरुवातीला एक जुनं शर्यतीचं यंत्र विकत घेतलं होतं. आधीच्या मालकाचं नाव इथे सांगायचं कारण नाही. यंत्र दिसायला झकास. इंजिन नवं बांधलेलं, पट्टा नवा, रेलला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या भक्कम पट्ट्या बोल्टने मारलेल्या. अशा पट्ट्या, म्हणजे ब्रेस, शर्यतीच्या यंत्रांवर सर्रास असतात आणि त्या बघून ‘आधीच्या मालकाने काळजी घेतलीय’ असंच वाटतं. यंत्र धावलंही छान. आणि मग एका स्थानिक शर्यतीत, मोठ्या उडीवर नव्हे, तर वळणातून बाहेर पडताना लागणाऱ्या गुडघाभर उंचवट्यावर, डावी रेल तुटली. पट्टा निसटला, यंत्र जागच्या जागी बसलं. स्वार शहाणा, हात वर करून लगेच बाजूला झाला. कुणाला इजा झाली नाही.

“दादा, एवढ्याशा उंचवट्यावर तुटली?” संघात मदतीला येणाऱ्या कोल्हापूरच्या धाकट्या विद्यार्थ्याने विचारलं. “मघाशी तर एवढी मोठी उडी मारून आलं!”

प्रश्न अगदी बरोबर होता. गॅरेजात ब्रेसची पट्टी उघडली तेव्हा उत्तर समोर आलं. कारखान्यातून आलेल्या भोकाच्या शेजारी, जेमतेम बोटभर अंतरावर, दुसरं भोक पाडलेलं होतं. फ्रंट आर्म थोडा पुढे घेतला की वळणात स्कींवरचा भार बदलतो, म्हणून कुणीतरी कधीतरी नवी जागा करून पाहिली असणार आणि मग आर्म परत जुन्या जागी आणला असणार. रिकामं भोक तसंच राहिलं, वरून पट्टी आली. भोकाची कड घासून साफ केलेली नव्हती. ड्रिलने उठलेली धातूची धारदार कोर तशीच होती, नखाला लागत होती. तडा तिथूनच निघाला होता.

तुटलेली कड उजेडात धरली की दोन वेगळे भाग दिसत. भोकालगतचा भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर ओहोटीला वाळूवर उमटतात तशा बारीक वक्र रेघा. उरलेला भाग लख्ख चंदेरी आणि खरबरीत. काळपट भाग म्हणजे हळूहळू सरकत गेलेला तडा. त्याची दोन तोंडं दर दणक्याला उघडून-मिटून घासली गेली होती, म्हणून तो गुळगुळीत. लख्ख भाग म्हणजे त्या दुपारी, एका क्षणात तुटलेला. रेलच्या उंचीचा निम्म्याहून जास्त भाग काळपट होता. याचा अर्थ मोठ्या उडीवरून यंत्र खाली आलं तेव्हाही रेल अर्धी तुटलेलीच होती. त्या आधीच्या शर्यतीतही तडा असणार, आणि विकत घेतलं त्या दिवशीही बहुधा होताच.

धातू असा थकतो हे माणसाला रेल्वेने शिकवलं. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे प्रशियातल्या रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून प्रयोग केले आणि दाखवून दिलं, की एका वेळी सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा आला तर धातू तोडतो. पोलादाच्या बाबतीत एक दिलासा असतो. ताण एका पातळीच्या खाली ठेवला तर साधं पोलाद जवळजवळ कितीही फेरे सोसतं. ॲल्युमिनियममध्ये तशी स्पष्ट पातळी नाही. भार लहान असेल तर आयुष्य लांबतं, पण ते मोजूनमापूनच मिळालेलं असतं. त्यात भोक आलं की मामला बिघडतो, कारण रुंद पट्टीतल्या साध्या गोल भोकाच्या कडेलाही ताण सरासरीच्या तिप्पट होतो. कड फाटकी असेल तर त्याहून जास्त.

आणि रेल नेमकी फ्रंट आर्मच्या आसपासच का तुटते? यंत्र उडीवरून शेपटावर उतरतं, रेलचं मागचं टोक आधी टेकतं, आणि पूर्ण रेल फ्रंट आर्मच्या बोल्टभोवती वाकू पाहते. वाकवणारा जोर तिथे सर्वांत जास्त आणि भोकंही तिथेच. कारखानदार त्या जागी धातू जाड ठेवतात, ते उगीच नव्हे.

इथे एका गैरसमजाचा समाचार घ्यायला हवा. उणे पंचवीसला काही मोडलं की पिटमध्ये हमखास ऐकू येतं, “थंडीने धातू काचेसारखा झाला.” काही पोलादांच्या बाबतीत हे खरं आहे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत नाही, त्याच्या स्फटिकांची रचनाच अशी, की थंडीत ते ठिसूळ होत नाही. थंडीचा फटका बसतो तो रबराच्या सीलला आणि घट्ट झालेल्या तेलाला. थंडीला दोष देऊन मोकळं झालं की माणूस तुटलेली कड बघायचं सोडून देतो. हे प्रस्तुत लेखकाला फार खटकतं, कारण काय झालं याची अख्खी हकीकत त्या कडेवर लिहिलेली असते.

त्या गॅरेजात एक वयस्क मेकॅनिक होते. चाळीसएक वर्षं याच कामात. रेल हातात घेऊन त्यांनी कुठून तुटली हे विचारलं नाही. विचारलं, “मधला शॉक शेवटचा कधी उघडला होता?” मधला म्हणजे फ्रंट आर्मचा शॉक. तो उघडला तर आतला नायट्रोजन जवळजवळ संपलेला, तेल काळं आणि फेसाळ. शर्यतीच्या शॉकमध्ये तेलाच्या एका बाजूला दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. मधे सरकता पिस्टन. तो दाब गेला की तेलात बुडबुडे होतात, शॉक गरम झाला की रोध देईनासा होतो, आणि फ्रंट आर्म प्रत्येक खड्ड्यात तळाशी जाऊन ठोकला जातो. मग जो जोर तेलाने जिरवायचा तो बोल्ट आणि भोकांच्या वाट्याला येतो. फाटक्या भोकाने तडा जन्माला घातला खरा, पण त्याला खाऊ-पिऊ घातलं त्या रिकाम्या शॉकने.

मागच्या सस्पेन्शनच्या टिकाऊपणाचं मर्म इथे आहे. मोठा, महाग भाग क्वचितच स्वतःहून मोडतो. आधी एखादा स्वस्त भाग आपलं काम सोडतो आणि त्याचा बोजा शेजाऱ्यावर पडतो. लिमिटर स्ट्रॅपच्या कडेचे धागे निघू लागले, आणि तो ऐन शर्यतीत तुटला, तर फ्रंट आर्म हवा त्यापेक्षा जास्त उघडतो आणि शॉकच ताणून धरणारा दोर बनतो. त्या कामासाठी तो बनवलेलाच नसतो. बुशमध्ये खेळ आला की आर्म सरळ न चालता तिरका चालतो आणि वेल्डच्या शेजारी, जिथे उष्णतेने धातूची रचना आधीच बदललेली असते, तिथे नळी चिरते. लहान चाकाचं बेअरिंग बसलं, की चाक थांबतं, पट्टा त्याच्यावर घासतो आणि त्या बाजूची हायफॅक्स दुप्पट झिजते. म्हणून काही तुटलं की नवा भाग मागवण्याआधी त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची चौकशी करावी.

आता हाताने करायच्या गोष्टी. यातलं सगळं कुणी करत नाही, पण पहिल्या दोन सोडू नयेत.

तपासणीआधी सस्पेन्शन धुवावं, आणि शक्य असेल तिथे ब्रशने, हातानेच. दाबाच्या पाण्याने झटपट होतं, पण ते पाणी बुशमधलं ग्रीस बाहेर काढतं आणि स्वतः आत बसतं. मग रात्री गोठतं. दाबाचं पाणी मारलंच तर लगेच प्रत्येक निपलमधून ग्रीस भरावं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत. धुताना डोळे उघडे ठेवावेत. बोल्टच्या डोक्याभोवती काळी-करडी पूड दिसली तर ती धूळ नव्हे. दोन भाग एकमेकांवर सूक्ष्म सरकतायत आणि ॲल्युमिनियमचा भुगा पडतोय. तो सांधा उघडायलाच हवा.

सांधा धरून ठेवण्याचं काम बोल्टच्या दांड्याचं नसून आवळण्याचं आहे. बोल्ट ताणलेला राहिला की दोन भाग घर्षणाने जखडले जातात. ढिला पडला की दांडा भोकात आपटू लागतो, भोक लांबुळकं होतं, आणि मग कितीही आवळा, ते परत गोल होत नाही. टॉर्क रेंच वापरावा, आकडा त्या यंत्राच्या पुस्तकातून घ्यावा, थ्रेडलॉक दरवेळी नवं लावावं. आवळून झालं की बोल्टच्या डोक्यावरून रेलवर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, हे हातमोजे न काढता कळतं.

तडा शोधायला डोळा पुरत नाही. पुण्या-कोल्हापूरच्या कारखान्यांत जिला डीपी टेस्ट म्हणतात तीच इथेही कामाला येते. भाग साफ करायचा, लाल द्राव फवारायचा, थांबायचं, पुसायचं, वर पांढरी पूड मारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तीन डब्यांचा हा संच एका हंगामाला सहज पुरतो. एवढंच, की हे काम बाहेर बर्फात होत नाही. भाग गरम खोलीत आणून, पूर्ण वाळवूनच करावं. आणि ब्रेस असेल तर ती काढूनच. पट्टी रेलला बळ देते हे खरं, पण ती जिथे संपते तिथे ताण नव्याने गोळा होतो, आणि तिच्याखाली काय चाललंय हे ती झाकून टाकते.

तडा सापडला तर वेल्डिंगचा मोह होतो. रेल ज्या उष्णता-संस्कार केलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात त्यांची बरीचशी ताकद वेल्डच्या आसपास उष्णतेने उतरते. यंत्र ट्रेलरपर्यंत आणायला असं वेल्ड चालेल, पुढच्या फेरीला नाही. रेल बदलायची, आणि बदलायची तर जोडीने, कारण दुसरीनेही तेवढेच दणके खाल्लेले असतात.

शॉकची परीक्षा अगदी साधी आहे. शर्यत संपल्याबरोबर दोन्ही शॉकच्या अंगावर हात ठेवून पाहावा. एक चांगला तापलेला आणि दुसरा जवळजवळ थंड असेल, तर थंड असलेल्याने काम केलेलं नाही. दांड्यावर तेलाची ओल दिसली तर सील गेलं. अव्वल संघ शॉक वरचेवर उघडतात, तेल आणि सील बदलतात. लहान संघाला ते परवडत नाही, तर निदान मधल्या शॉकला तरी प्राधान्य द्यावं. उघडायला तो अवघड जागी असतो, म्हणून सर्वांत जास्त दुर्लक्षही त्याच्याचकडे होतं.

प्रत्येक शर्यतीचं दुखणं वेगळं. विस्कॉन्सिनच्या ईगल रिव्हरला १९६४ पासून जागतिक अजिंक्यपदाची स्नोमोबाइल डर्बी होते. तिथे आज नितळ बर्फाच्या लंबगोलावर धावायचं असतं. उड्या नाहीत, पण हायफॅक्सला थंड ठेवायला आणि वंगण द्यायला लागणारा भुसभुशीत बर्फही नाही. ते प्लास्टिक घर्षणाने तापून वितळू शकतं. कडक बर्फावरून लांब जाणारे साधे हौशी स्वार म्हणूनच मागे स्क्रॅचर लावतात. ते बर्फ खरवडून पट्ट्यावर उडवतात. मिशिगनच्या सू सेंट मेरीला १९६९ पासून ५०० मैलांची शर्यत चालते, एक मैलाच्या बर्फाच्या लंबगोलात ५०० फेऱ्या. सुरुवातीला काचेसारखं असलेलं मैदान उत्तरार्धात खड्ड्यांनी भरतं आणि पहिल्या शंभर फेऱ्यांसाठी जुळवलेलं सस्पेन्शन शेवटच्या शंभरात स्वाराच्या मणक्याशी बोलू लागतं. अलास्कातली आयर्न डॉग, १९८४ पासूनची, हा तर वेगळाच प्रकार. दोन हजार मैलांहून लांब, दोघादोघांच्या जोड्या, गोठलेल्या नद्या आणि बर्फ नसलेल्या गवताच्या ढेकळांवरून. अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन यांचे तेव्हाचे पती टॉड पेलिन यांनी ती चारदा जिंकली, शेवटची २००७ मध्ये. तिथे सस्पेन्शन निवडताना, हलकं आहे का, या प्रश्नाच्या आधी, उघड्यावर, गारठलेल्या बोटांनी दुरुस्त होतं का, हा प्रश्न येतो.

स्वाराचाही यात मोठा वाटा आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाचा ब्लेअर मॉर्गन मोटोक्रॉसच्या थाटात उभा राहून स्नोक्रॉस धावू लागला आणि सगळा खेळ बदलला. त्यानंतर २००३ च्या मॉडेलांत स्की-डूने स्वाराला पुढे आणणारी रेव्ह ही चौकट बाजारात आणली. उभ्या स्वाराचे गुडघे बरंचसं शोषून घेतात. बसून आदळणारा स्वार आपलं सगळं वजन सीटमार्गे टनेलवर आणि तिथून आर्मच्या बोल्टवर टाकतो. थकलेल्या स्वाराने शेवटच्या दोन फेऱ्या बसून काढल्या की मेकॅनिकला ते दुसऱ्या दिवशी बुशमध्ये सापडतं, हे त्या वयस्क मेकॅनिकचं म्हणणं लेखकाला पुढे वारंवार पटत गेलं.

शर्यत संपल्यावर यंत्र तसंच ओलं उभं करून ठेवू नये. टनेलमध्ये भरलेला बर्फ रेडिएटरच्या उष्णतेने वितळतो आणि रात्रीत घट्ट गोठून आर्म आणि चाकं जखडतो. सकाळी गॅस दिला की पट्टा झटका देतो. मागची बाजू स्टँडवर उचलावी, बर्फ झाडून काढावा, पट्टा हाताने फिरवून पाहावा. पट्ट्याचा ताणही याच वेळी बघावा. फार ढिला असेल तर तो दात सोडतो, फार घट्ट असेल तर बेअरिंग खातो.

एक वही ठेवावी. इंजिनाचे तास सगळेच लिहितात, पण रेल कधी घातल्या, शॉक कधी उघडले, स्ट्रॅप कधी बदलला, कुठला बोल्ट ढिला सापडला, हे फार थोडे. त्या तुटलेल्या रेलनंतर संघाने अशी वही सुरू केली आणि दोन हंगामांत चित्र स्पष्ट झालं. डावीकडचा एकच बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला पडत होता, कारण आर्मचा आडवा दांडा किंचित वाकलेला होता. उघड्या डोळ्यांना ते वाकणं दिसत नव्हतं, वहीत दिसलं.

जुनं शर्यतीचं यंत्र घेणाऱ्याने इंजिन चालू करून ऐकण्याआधी मागची बाजू उचलायला सांगावी. रेल हाताने आडव्या हलवून बुशमधला खेळ पाहावा. दोन्ही रेलवर डोळा लावून त्या सरळ आहेत का ते बघावं. स्ट्रॅप, बंप स्टॉप, चाकांची बेअरिंगं तपासावीत. रिकामी भोकं मोजावीत, आणि प्रत्येक भोक कारखान्याचं की नंतरचं हे विचारावं. ब्रेसची पट्टी असेल तर ती उघडून दाखवायला सांगावी. विकणारा तयार झाला नाही, तर नव्या रेलच्या जोडीची किंमत वजा करूनच भावाची बोलणी सुरू करावीत.